शेवाळ्याच्या कानामागची चामखीळ

बार्बर्टन, ओहायो
२ मे २०१६

वेंडल,

तुझा टूसॉनचा पत्ता तुझ्या बहिणीकडून मिळवला. ती द्यायला तयार नव्हती, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. माझ्या आईच्या वस्तूंबद्दल तुला काही विचारायचं आहे, एवढंच मी तिला सांगितलं. ते खरं आहे. पूर्ण नाही, पण खरं आहे.

जानेवारीत तू निरोपही न घेता निघून गेलास, त्याबद्दल हे पत्र नाही. माणसाला बर्फाचा कंटाळा येऊ शकतो. आपण एका गल्लीत वाढलो, वीस वर्षं जुने मुखवटे आणि कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या मेळाव्यांत एक टेबल वाटून घेतलं, म्हणून तू मला प्रत्येक गोष्ट सांगायला बांधलेला आहेस असं नाही. (हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा ते तक्रारीसारखंच वाटलं. राहू दे.)

एप्रिलच्या मेळाव्याला मी एकटीच गेले. टेबलाच्या डाव्या बाजूला नेहमीप्रमाणे माझ्या राक्षसांच्या कॉमिक्सची खोकी लावली आणि उजवी बाजू मोकळी ठेवली. दिवसभर लोक विचारत होते, "मुखवटेवाला कुठाय?" मी सांगत होते, "ॲरिझोनात वाळत घातलाय." लोक हसत होते. मीही हसत होते.

दुपारी मर्ल टिपेट आला. वेस्ट व्हर्जिनियाहून येणारा, तेलकट बोटांनी कॉमिक चाळणारा आपला मर्ल. काखेत उशीचा अभ्रा, अभ्र्यात काहीतरी गोल.

"नेडीन, डोळे मीट."

"आधी हात धुतलेस का ते सांग."

"धुतलेत गं बाई. मीट म्हणतो ना!"

डोळे उघडले तर समोर रबरी मुखवटा, शेवाळ्या. ओघळलेले गाल, शेवाळाच्या बटा, खालचा ओठ लोंबलेला. आपल्या लहानपणी प्रत्येक भुताच्या कॉमिकच्या मागच्या पानावर ज्याची जाहिरात असायची, आणि जो टपालाने मागवायला आपल्या गल्लीतल्या एकाही पोराच्या आईने परवानगी दिली नव्हती, तो. मर्लने त्याला रीतीप्रमाणे खालून दोन्ही हात घालून धरलं होतं, एखादं बाळ धरावं तसं. मग त्याने हळूच मान वळवली आणि डाव्या कानामागची चामखीळ मला दाखवली.

"चामखीळवाला! पहिल्या साच्यातला. जगात तीन-चारच उरलेत म्हणे."

"कुठून मिळाला?"

"टपालाने आला. नाव सांगायचं नाही असं ठरलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण खोक्यात वाळू होती बघ, बारीक, तांबडी. आपल्याकडे असली वाळू नसते."

वेंडल, चामखीळ असलेला शेवाळ्या जगात एकच आहे. तो माझ्या आईचा आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तू तो फोटो काढायला म्हणून नेलास आणि ऑक्टोबरात आणून दिलास. "कारखान्यात मुखवटे रंगवणाऱ्या बायकांवर मी लेख लिहिणार आहे, त्यात तुझ्या आईचं, इर्माचं नाव पहिलं असेल," असं तू माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला होतास. लेख अजून आलेला नाही. मी विचारलं नाही, कारण लिहिणाऱ्याला वेळ लागतो हे मला समजतं.

त्या दिवसांत तुझ्याकडे कोण कोण येत होतं? फोटो काढणाऱ्याने तर नकला ओतायला त्यावरून साचा उतरवला नसेल? मला एवढंच सांग की ते तुझ्याकडून झालेलं नाही. तू सांगशील ते मी मानीन.

मर्लला मी काही बोलले नाही. तुला वाचवायला गप्प राहिले की स्वतःला, ते अजून ठरत नाहीये.

नेडीन


२१ मे

वेंडल,

तुझं उत्तर नाही. ते मी तुझ्या विरोधात धरणार नाही असं ठरवलं होतं. दिवसभर मी न्यायालयात बसून लोकांच्या साक्षी टिपत असते, आणि गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, एवढं तरी त्या नोकरीने मला शिकवलं आहे. पण काल संध्याकाळी मी आईचं खोकं उघडलं.

मेळाव्यानंतर इतके दिवस का उघडलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. उघडेपर्यंत मी तुझ्या बाजूने होते.

आधी वासाचं सांगते. ऑक्टोबरात तू तो परत आणलास त्या दिवशी तू गेल्यावर मी झाकण काढलं होतं आणि अमोनियाचा झणका आला होता. कारखान्यातून आल्यावर आईच्या केसांना यायचा तोच. जेवायला बसली की ती आधी म्हणायची, "नाकं बंद करा रे, राक्षसीण आली." तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी त्या खोक्यात तोंड घालून रडले. तुला फोनही केला, आठवतं? म्हटलं, "वेंडल, आईचा वास अजून आहे रे त्यात." तू म्हणालास, "हो? छान."

चाळीस वर्षं जुन्या रबराला अमोनियाचा वास येत नाही. तो ताज्या लॅटेक्सचा वास. हे मला कळायला हवं होतं, आणि तुला तर त्या क्षणी कळत होतं. "छान" म्हणालास.

काल मी खिडकीपाशी नेऊन कानामागे नख लावलं. लहानपणी टीव्ही बघताना शेवाळ्या माझ्या मांडीवर असायचा आणि मी त्या चामखिळीची खालची कड नखाने उचलत बसायचे. ती कायम थोडी सुटलेली असायची. आई ओरडायची, "नेडीन, त्याचं कातडं सोलू नकोस!" काल मी तिन्ही बाजूंनी नख लावून पाहिलं. कड नाहीच. चामखीळ आणि कातडं एकच. साच्यातून एकदम ओतलेलं. आतल्या बाजूला चहाचे डाग पाडून ते जुनं केलं आहेस. छान केलं आहेस, तुझा हात चांगला आहे.

म्हणजे तू साचा उतरवलास एवढंच नाही. मला नक्कल दिलीस आणि खरा ठेवून घेतलास.

दुसऱ्याच्या मुखवट्यावरून साचा उतरवायचा नाही, हा आपल्या लोकांतला एकमेव नियम. बाकी सगळं आपण माफ करतो. तूच एकदा एकाला यावरून मेळाव्यातून बाहेर काढायला लावलं होतंस. तो पार्किंगमध्ये रडत होता तेव्हा मला त्याची दया आली, आणि तू म्हणालास, "दया करू नकोस नेडीन. तो कुणाच्या तरी आईवरून नक्कल काढतो असं समज." हे तुझे शब्द. मी तेव्हाच रोजनिशीत लिहून ठेवले होते, मला ते फार आवडले म्हणून.

आता मी तुला एक गोष्ट सांगणार आहे, आणि तुला लागावी म्हणूनच सांगणार आहे. ती चामखीळ नाही. ते सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आहे.

शेवाळ्या पहिल्या साच्यातला नव्हता. तो टाकाऊ नग होता. रंगवून झाल्यावर शेवटच्या तपासणीत कानामागे बुडबुड्याचं भोक निघालं. असले नग कारखाना फेकून द्यायचा किंवा बायका घरी न्यायच्या. आईने बाबांच्या सायकलच्या पेटीतलं ठिगळ लावलं, ते ठिगळ वाटू नये म्हणून त्यावर रबराचे थेंब टाकून चामखीळ केली आणि वरून रंग दिला. तू बारा-तेरा वर्षांचा असताना आमच्या टेबलावर कोंबडीची तंगडी खात तिला विचारलंस, "मिसेस हुडाक, बाकीच्या शेवाळ्यांना चामखीळ का नाही?" ती चेहरा न हलवता म्हणाली, "हा पहिला नग रे, हाडकुळ्या. नंतर मालकाने चामखीळ काढायला लावली, पोरं घाबरतात म्हणून." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

तू जिच्यावर नाव कमावतो आहेस ती तुझी दुर्मीळ आवृत्ती एवढीच आहे.

मला खरा परत हवा आहे. दुसरं काही नको.

नेडीन


१८ जून

वेंडल,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. त्यातली साडेतीन रबराबद्दल आहेत.

लॅटेक्स मरतं, तू लिहितोस. खरं आहे. आणखी दहा वर्षांत शेवाळ्याचा भुगा झाला असता, खोक्यात अंधारात ठेवलेल्या वस्तूला कुणी बघत नाही, आणि साच्यामुळे निदान त्याचा चेहरा जगात राहिला. हे मी तीन दिवस डोक्यात घोळवलं. कामावर जाताना घोळवलं. यात काही तथ्य आहे, आणि ते तू लिहिलंस याचाच मला जास्त राग आहे. मी त्याला कुणाला दाखवत नव्हते. उन्हाला घाबरत होते, हातांना घाबरत होते. माझ्या हातात तो मेलाच असता, फक्त सावकाश.

पण मला विचारलं असतंस तर? मी हो म्हटलं असतं, वेंडल. सोफ्यावर आपण दोघं बसलो असतो, मी प्लास्टर कालवलं असतं. तू विचारलं नाहीस, कारण विचारलं असतंस तर साचा आपल्या दोघांचा झाला असता.

माझ्या आईने तुला किती वेळा जेवायला घातलं ते मी मोजणार नाही. तसलं मोजणं तिला आवडलं नसतं. पण तुझी आई दवाखान्यात होती त्या हिवाळ्यात ती भाताचं भांडं तुझ्यासमोर सरकवून म्हणायची, "हाडकुळ्या, भात तिखट आहे, रडायला निमित्त आहे, रड." आणि तू रडायचास. ते तू तुझ्या चार पानांत कुठे ठेवलंस ते मी शोधलं.

ठिगळाबद्दल एक शब्दही नाही. मी तुझ्या तीस वर्षांच्या अभिमानाचं ठिगळ केलं आणि तुला आश्चर्य वाटलं नाही. हे मला समजत नाही. चिडलेला माणूसही आधी "खोटं" म्हणतो.

आणि खरा पाठवतोस की नाही, याचंही उत्तर नाही. "परिस्थिती गुंतागुंतीची आहे," असं लिहिलं आहेस. हे वाक्य मी न्यायालयात रोज टाइप करते. ते म्हणणाऱ्या माणसाकडे ती वस्तू कधीच नसते.

शेवाळ्या कुठे आहे?

नेडीन


९ जुलै

वेंडल,

लिफाफा आला. मी तो जिन्यात उभ्यानेच फाडला, कारण एवढ्या पातळ लिफाफ्यात मुखवटा मावत नाही हे मला हातात घेताच कळलं होतं.

तर असं झालं. साचा उघडताना शेवाळ्या फाटला. गालापासून फाटला, मग हनुवटी, मग तू ओढलास आणि डोक्याचे तुकडे झाले, आणि शेवटी प्लास्टरला चिकटून फक्त ठिगळ राहिलं. ते तू चाकूने उचललंस, आणि आता या लिफाफ्यात घालून पाठवलंस. बाकीचे तुकडे तू फेकून दिलेस. "बघवत नव्हते," असं लिहिलं आहेस.

म्हणजे ठिगळ गेल्या सप्टेंबरपासून तुझ्याकडे होतं. ते ठिगळ आहे हे तुला गेल्या सप्टेंबरपासून माहीत होतं. आणि तरी तू मर्लला आणि बाकीच्यांना पहिल्या साच्यातला चामखीळवाला विकलास.

तुझी पुढची ओळ मी पुष्कळ वेळा वाचली. "त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही दोघी तीस वर्षं मला हसत होता."

याचं उत्तर मी प्रामाणिकपणे देते. हो. थोडंसं. तू लोकांना पहिल्या नगाची गोष्ट रंगवून सांगायचास तेव्हा आई माझा पाय दाबायची. तू गेल्यावर म्हणायची, "बिचाऱ्याला सांगायचं का?" आणि मग स्वतःच म्हणायची, "नको, त्याला काहीतरी पहिलं लागतं." त्यात टिंगल होती. माया त्याहून जास्त होती. पण तू त्या खोलीत एकटा उभा होतास, हातात ठिगळ, खाली तुकडे, आणि तुला फक्त टिंगल ऐकू आली असेल. हे मी समजू शकते. मला ते समजायचं नव्हतं, पण समजतं.

तरीही. फाटला तेव्हा तू मला फोन करू शकत होतास. मी किंचाळले असते, महिनाभर बोलले नसते, आणि मग आपण ते तुकडे टेबलावर मांडले असते. त्याऐवजी तू बसून त्याची नक्कल ओतलीस, चहा उकळलास, माझ्या आईचे ब्रशचे फटकारे शिकलास आणि माझ्या दारात येऊन म्हणालास, "हा घे, जसाच्या तसा." मी तुला कॉफी दिली. भोपळ्याचा केक बांधून दिला. वेंडल, तू केक नेलास!

मुखवटा गेला याचं दुःख मला झालंच असतं. पण त्या नकलेत तोंड घालून मी रडले, आणि तू फोनवर "छान" म्हणालास, त्याला काय म्हणायचं ते मला सापडत नाही. "चोरी" लिहून खोडलं. तो शब्द लहान पडतो.

तू विचारलं आहेस, माफ करशील का. आज नाही. पुढचं मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी लिहून देत नाही.

नेडीन


१७ ऑक्टोबर

वेंडल,

हे शेवटचं, निदान माझ्याकडून.

लिफाफा आला त्या दिवशी मी ठिगळ फक्त वरून पाहिलं होतं. आईने केलेली चामखीळ, तपकिरी झालेली, शेवाळ्याच्या सगळ्या अंगासारखीच. मग ते एका लहान कॉमिकच्या प्लास्टिक पिशवीत घातलं आणि ठेवून दिलं. ऑगस्टमध्ये एका रविवारी ते पालथं करून पाहिलं.

तुला आठवतं, शेवाळ्याच्या खऱ्या रंगावरून आपण किती भांडायचो? कॉमिकवरची जाहिरात काळी-पांढरी होती. जे नग राहिले ते सगळे मोहरीसारखे पिवळट-तपकिरी, आणि मेळाव्यात सगळ्यांचं ठरलंच होतं की तोच मूळ रंग. आई म्हणायची, "छे! कोवळ्या वाटाण्यासारखा होता." आपण तिला म्हणायचो, तुम्हाला आठवत नाही. तू तर तिला पुरावा मागितलास.

ठिगळ लावलं तेव्हा मुखवटा रंगवून झालेला होता. तू ओढलंस तेव्हा कातड्यावरचा रंग ठिगळाच्या गोंदाला चिकटून आला. त्याने चाळीस वर्षं ऊन पाहिलं नव्हतं. वेंडल, तो हिरवा आहे. ओला, कोवळा, सोललेल्या वाटाण्याचा हिरवा. शर्टाच्या बटणाएवढा तुकडा. मी तो हातात धरून आईला मोठ्याने म्हटलं, "तुझं बरोबर होतं." घरात दुसरं कुणी नव्हतं.

हे तुझ्या हातून फाटल्याशिवाय कधीच दिसलं नसतं. मला ते आवडत नाही. तुझी एवढी देणेकरी व्हायला मी तयार नाही, पण खोटंही लिहिणार नाही.

शनिवारी मेळावा होता. या वेळी मी पूर्ण टेबल लावलं. उजवी बाजू तुझ्यासाठी ठेवली नाही. मधोमध काळ्या कापडावर ठिगळ ठेवलं, हिरवी बाजू वर, आणि शेजारी एक पुठ्ठा: टाकाऊ नगाचं ठिगळ. रंग इर्मा हुडाक यांचा.

पहिला आला तो मर्ल. त्याने पुठ्ठा वाचला, खाली बसला, परत वाचला.

"हे ठिगळ... कानामागचं?"

"डाव्या."

"म्हणजे माझा..."

"नक्कल आहे, मर्ल. एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

मला वाटलं तो ओरडेल. तो त्या हिरव्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "इर्मा कोण?"

"माझी आई. कारखान्यात रंग द्यायची."

"सगळ्यांना तिने दिला?"

"सगळ्यांना नाही. पुष्कळांना."

तो उठला आणि सगळ्या हॉलभर ओरडत सुटला, "अरे इकडे या रे गाढवांनो, आपण सगळे चुकलो! शेवाळ्या हिरवा होता!" संध्याकाळपर्यंत लोक येत होते. आपापले पिवळट मुखवटे अभ्र्यांत घालून आणत होते, खालून दोन्ही हात घालून धरत होते, ठिगळाशेजारी नेऊन बघत होते. प्रत्येक जण नाव विचारत होता. मी प्रत्येकाला आईचं नाव सांगितलं. तुझं कुणालाच सांगितलं नाही. मर्लने एकदा विचारलं, मी म्हटलं, वाळू तुझ्या खोक्यात होती, तूच ठरव. त्याने ठरवलं असावं, कारण नंतर तुझ्याबद्दल त्याने परत काही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

या पत्रासोबत एक खोकं पाठवते आहे. त्यात तू मला दिलेला शेवाळ्या आहे. तो माझा नाही, तुझा आहे, तूच ओतलेला. परत देताना एक बदल केला आहे. डाव्या कानामागची चामखीळ मी कात्रीने कापून काढली. आता तिथे भोक आहे, आईच्या हातात तो नग आला तेव्हा होतं तसंच.

तिला ते भोक बुजवावंसं वाटलं होतं. तुला काय वाटतं ते बघ.

नेडीन हुडाक